गुळातली कोंबडी

माह्या हातच्या कोंबडीले आर्णीत आजवर कोणी नाव ठेवलं नाही. घरामागच्या वाडीत दगडाची चूल, तिच्यावर कोंबडी शिजवायचा काळा पडलेला गंज, अन् दर रविवारी मी. आमच्या स्वयंपाकखोलीत देव आहेत, म्हणून कोंबडी घरात शिजत नाही. बायको कोकिळा भाकरी तेवढ्या थापते, बाकी सगळं माह्याकडं. तर्री अशी, का खाणाऱ्याच्या नाकातून पाणी आलंच पाहिजे.

तीन महिन्यांपासून कोकिळेचं नागपूरले कॅन्सरचं औषध सुरू आहे. केस गेले, त्याचं तिनं काही म्हटलं नाही. पण जेवणच गेलं. मागच्या खेपेले डॉक्टरनं तिले काट्यावर उभं केलं अन् मले बाजूले घेऊन सांगतलं, "अजून दोन किलो उतरले तर पुढचा डोस देता येणार नाही. काहीही द्या, पण खाऊ घाला." तीन हप्त्यांनी पुन्हा वजन होतं.

तोंडाले चव नाही म्हणते, तर तिखटानं येईन, असं म्या धरलं. पहिल्या रविवारी मिरच्या दीडपट टाकल्या. तिनं एक घास घेतला, डोळ्याले पाणी आलं अन् ताट सारलं. म्या म्हटलं, नखरे आहेत. दुसऱ्या रविवारी दुप्पट टाकल्या. तिनं ताटाकडं पाहिलंसुद्धा नाही.

मंग आमची नात खुशी पुण्याहून दोन दिवसांसाठी आली. वजनाले पाच दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारातून कोंबडी, नूडल्सचं पाकीट अन् एक काळी बाटली घेऊन आली.

"हे काय व, ऑइलपेंट?" म्या विचारलं.

"सोया सॉस, आबाजी. सोयाबीनचाच असतो."

सत्तावीस वर्षं झाले मी सोयाबीन पेरून राह्यलो, एक दाणा कधी तोंडात घातला नाही. सोयाबीन विकायचं असते, खायचं नसते. हे पोरीले कोण सांगणार.

तिनं कोंबडी घरात नेली. गॅसवर. मी उंबऱ्यात वाट अडवून उभा राह्यलो, तर आतून खाटेवरून कोकिळा म्हणाली, "जाऊ द्या तिले. देवावर पडदा टाकला मी."

झालं. मी दारातच उभा राहून पाहत होतो. हाडं नसलेली कोंबडी, बोटाएवढे फिक्कट तुकडे. हळद नाही, तिखटाचं नाव नाही. त्याच्यात ते काळं पाणी ओतलं. वरून गूळ टाकला. कोंबडीत गूळ. मंग त्या उकडलेल्या नूडल्स, पावसाळ्यात बांधावर निघतात तशा गांडुळासारख्या, त्या चिकटात लोळवल्या. वास तर असा, का जिलबीच्या कढईत कोणी कोंबडी बुडवली. म्या धोतराचा सोगा नाकाले लावला.

"शेजारच्या कुत्र्याले दे," म्या म्हटलं, "तेही हुंगून जाईन."

"तुम्ही नका खाऊ ना आबाजी," खुशी म्हणाली, अन् वाटी घेऊन कोकिळेजवळ बसली.

कोकिळेले उलटी होणार म्हणून मी तसराळं घेऊन तयारच होतो. तिनं एक दोरा ओठात धरला अन् सुर्रकन ओढला. हनुवटीवर तपकिरी रस ओघळला. पाहवत नव्हतं. दुसरा ओढला. मंग कोंबडीचा तुकडा. वाटी संपली.

"घाल व अजून," ती म्हणाली.

तीन महिन्यांत हा शब्द घरात आला नव्हता. अन् आला तर ह्या घाणीसाठी. मले रागच आला.

"काय लागते तुले त्यात?"

"आग होत नाही," ती म्हणाली अन् तोंड उघडून दाखवलं. जिभेवर, गालाच्या आतून पांढरे फोड, कडेनं लालभडक. म्या तीन महिन्यांत तिच्या तोंडात एकदाही पाहिलं नव्हतं. अन् त्याच्यावर दुप्पट मिरची वाढली होती.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"पहिले तरी कुठं सांगतलं होतं?" ती शांतपणे बोलत होती, खात खात. "मले तिखट सोसतच नाही. तुम्ही माणसं जेवून उठले, का मी चुलीमागं बसून बोट्या पाण्यानं धुवायची अन् मंग खायची. पंचेचाळीस वर्षं."

माह्या हातात तसराळं तसंच होतं. ते म्या खाटेखाली ठेवलं.

आत जाऊन कढईतलं एक बोटभर तोंडात घातलं. गोड, खारट, चिकट. थुकायले मोरीपर्यंत गेलो अन् तिथंच गिळलं. अंगावर शहारा आला.

खुशी मागं येऊन उभी होती. तिची गाडी सकाळची होती.

"उद्यापासून मले करा लागते," म्या म्हटलं. "गूळ किती टाकतात, दाखव."

तिनं सुपारीएवढा खडा माह्या तळहातावर ठेवला. म्या मूठ मिटून घेतली.