गळके यान आणि निळा चंद्र

मित्रांनो, माझ्यासारखे फुगीर पाठीचे टीव्ही तुम्ही आता भंगाराच्या दुकानाबाहेरच पाहिले असतील. मी मात्र अजून दातिवऱ्यात, दामू तांडेलांच्या घरात, माझ्या फळीवर बसलो आहे आणि याचा मला अभिमान आहे.

ज्या हातांनी कारखान्यात मला जोडले, ते मला आठवत नाहीत. आठवते ती पालघरच्या बाजारातून घरी येण्याची वाट. दामूंनी मला गोधडीत गुंडाळून टेम्पोत मांडीवर धरले होते. ते होडीचे तांडेल. त्यांच्या शब्दावर खलाशी समुद्रात जात. खाऱ्या हवेने मी गंजू नये म्हणून त्यांची बायको जमना मला रोज कोरड्या फडक्याने पुसायची.

संध्याकाळी माझ्यावर अंतराळाच्या दोन मालिका लागत. एकीत निळा चंद्र होता, उडणारी माणसे होती आणि कोणी म्हातारे होत नसे. ती जमनाची आवडती. दुसरीतले यान जुने, सारखे गळणारे. त्यातली माणसे ठिगळे लावत पुढे जायची. ती तांडेलांची.

"सा महिने आभाळात हायत, आन एकाची दाढी वाढली नाय!" निळ्या चंद्राकडे बघून तांडेल म्हणत.

"दिवसभर बोंबील वाळवते मी. सांजच्याला तरी चंद्रावर जाऊ द्या," जमना म्हणे. "तुमी तिथं पण जाळं विणत बसाल!"

त्यांची लहानगी सलोनी दोघांच्या मध्ये बसून हसायची. एकदा यान उडाले तेव्हा तिने विचारले, "बाबा, कुठं चाललंय ते?"

तांडेल दचकले. "निघालेल्या होडीला 'कुठं' विचारू नये, पोरी. 'लवकर या' म्हणावं."

सलोनी मोठी झाली, बोईसरच्या एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला लागली. घरात मोबाइल आले. माझ्यावर धूळ बसू लागली.

मग तांडेल आजारी पडले. सलोनीने दोन्ही जुन्या मालिकांच्या सीडी आणल्या आणि मी पुन्हा सुरू झालो. दुखणे बरे होणारे नाही, असे डॉक्टरांनी मायलेकींना सांगितले होते. तांडेलांना मात्र दोघी म्हणत, "अशक्तपणा हाय नुसता." त्यांच्या मनात वाईट काही येऊ नये म्हणून सलोनी रोज निळा चंद्रच लावायची. ते मुकाट्याने बघायचे.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "माझं गळकं यान लाव."

त्या भागात यानाला भोक पडले होते. कप्तानाला काळजी नको म्हणून बाकीच्यांनी ते लपवले होते. तांडेल उठून बसले.

"तांडेलापासून भोक लपवतात! होडीत पाणी शिरलं तर पयलं तांडेलाला सांगायचं. पाणी उपसायचं का किनारा गाठायचा, ते त्यानंच ठरवायचं." मग त्यांनी माझा आवाज बंद केला. "सलोनी, माझं भोक केवढं हाय?"

जमनाचे फडके माझ्या पाठीवर थांबले. सलोनीने सगळे सांगितले. एकही शब्द खोटा नव्हता.

तांडेलांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बरं केलंस."

त्यानंतर त्यांनी पुतण्याला, सुजीतला, बोलावून होडीचे सुकाणू त्याच्या हाती दिले. कोणती जाळी अजून सांधण्यासारखी आहेत, ते जमनाला दाखवले. काम उरकल्यावर ते म्हणाले, "आता तुझ्या आयशीचा चंद्र लाव. मला पण उडू दे जरा."

पूर्ण भाग त्यांनी मन लावून पाहिला. शेवटी एवढेच म्हणाले, "दाढी मात्र वाढाया पायजे."

पालघरच्या दवाखान्यात जायला ते निघाले, तेव्हा सलोनी उंबऱ्यात उभी होती. "लवकर या, बाबा," ती म्हणाली.

"येतो," ते म्हणाले. ते परत आले नाहीत.

नंतर भंगारवाला दारात आला, तेव्हा जमनाने त्याला बाहेरूनच परत पाठवले. "ह्याच्यासमोर आमी खरं बोललो हाय. ह्याला नाय द्यायचा."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा. आणि माझ्यासारख्याच्या पडद्यावर चंद्र खुशाल बघा, पण घरातली गळती आधी बघा.

आता सुट्टीच्या संध्याकाळी मायलेकी गळक्या यानाची मालिका लावतात. यान जमीन सोडते, तेव्हा त्या कुठं म्हणून विचारत नाहीत. दोघी एकदमच म्हणतात, "लवकर या."