पेजर मडीत चालत नाही

रघुनंदनला पेजर घेऊन द्यायची कल्पना आश्लेषाची. होसकोट्याच्या कारखान्यातून परतताना लॉरीने स्कूटर उडवली, तेव्हापासून तिच्या या धाकट्या भावाला कमरेखाली काहीच कळत नव्हतं. पहिल्याच वर्षी बसून बसून मांडीमागे जखम झाली. ती भरून येईपर्यंत घरातल्यांचे डोळे पांढरे झाले. डॉक्टरांनी बजावलं, चाकाच्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन दिवसभर मधून मधून अंग वर उचलायचं. पुन्हा जखम झाली तर पोरगा हाती लागणार नाही.

पण रघू पक्का आळशी. कादंबरी हातात आली की डॉक्टरही विसरायचा आणि ढुंगणही. म्हणून आश्लेषा आपल्या ऑफिसातून पेजर कंपनीला फोन करायची आणि तिथली वाणी नावाची मुलगी निरोप टाइप करून पाठवायची. निरोप एकच, कन्नडमधला. एत्तु, म्हणजे उचल. आठवडाभरात वाणीला आवाज ओळखू यायला लागला. ‘एत्तु ताने, अक्का?’ म्हणजे एत्तुच ना, असं तीच आधी विचारायची.

कमरेचा पेजर किरकिरला की रघू शिव्या घालत अंग उचलायचा. हळूहळू शिव्या कमी झाल्या आणि दंड भरले. संध्याकाळी तो स्वतः चाकं ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला. कोपऱ्यावरचा परसू इस्त्रीवाला त्याला पैलवान म्हणायचा. खरं सांगायचं तर त्या दिवसांत आश्लेषाला आभाळ ठेंगणं झालं होतं. पेजरवाचून उचलायची सवय काही रघूला लागली नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

मग आईचं श्राद्ध आलं.

ते मुलाने करायचं, आणि रघूलाही करायचंच होतं. आश्लेषा नेमकी बाहेरची झाली. वडील भीमाचार्य निवृत्त पोस्टमास्तर, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. सोवळ्याला, म्हणजे त्यांच्या मडीला, कडक माणूस. घरात वावर नको म्हणून त्यांनी तिला ऑफिसला जायला सांगितलं.

‘आणि पेजर?’ तिने अंगणातूनच विचारलं.

‘चामड्याचं पाकीट आहे त्याला. मडीत कसं चालेल?’

‘पाकीट काढते की.’

‘काढलं म्हणून विटाळ जातो का? इथं उंबऱ्याबाहेर ठेवतो. वाजला की मी सांगतो रघूला. सरी ना?’

‘विसरू नका हां, अण्णा.’

‘जन्मभर लोकांच्या तारा पोचवल्या मी. तू जा.’

ती गेली. दिवसभर फोन करत राहिली. पेजर म्हणजे एकतर्फी कारभार, निरोप जातो, उत्तर येत नाही. इतके दिवस तिला उत्तराची गरज वाटली नव्हती, त्या दिवशीही वाटली नाही.

संध्याकाळी ती आली तेव्हा खुर्चीची रेक्झिनची गादी कंपाउंडच्या भिंतीवर पडली होती. तीही मडीत चालणारी नव्हती. तिच्या जागी अण्णांनी खुर्चीत लाकडी पाट घातला होता. तो आता नळाखाली उभा होता आणि शेजारच्या बादलीतल्या ओल्या धोतराला लाल डाग होता. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत रघू त्या पाटावर बसला होता. हातात दर्भ, समोर पिंड, मंत्र सांगायला पद्मनाभाचार्य, आणि अंगाला काही कळत नव्हतं.

पेजर चपलांच्या फडताळात, टॉवेलात गुंडाळलेला सापडला. एत्तु, एत्तु, एत्तु. एकही निरोप कोणी उघडलेला नव्हता.

‘पिंडदानाच्या वेळी किरकिरायला लागला,’ अण्णा म्हणाले. ‘पद्मनाभाचार्यांचा मंत्र तुटला. म्हटलं, स्वल्प वेळ बाजूला ठेवू. मग...’

जखम हाडापर्यंत गेली. हॉस्पिटलात तापाने फणफणलेल्या रघूने एका दुपारी डोळे उघडले.

‘अक्का, त्या दिवशी मी वाट बघत होतो गं. अण्णांनी एकदाही सांगितलं नाही. तू मेसेज केलाच नव्हतास?’

अण्णा पायथ्याशी पेजेचा डबा धरून उभे होते. आश्लेषाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला त्यांचा भयंकर राग आला होता. अण्णांनी मान वर केली नाही. पण रघूला रोज भरवणारे, पुसणारे तेच होते. पोराने बापावर रुसून जाऊ नये, एवढंच तिच्या मनात आलं.

‘काम निघालं रे,’ ती म्हणाली. ‘विसरले.’

तो हसून सोडून देईल असं तिला वाटलं होतं. ‘मला वाटलंच,’ तो म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर तो पेज अण्णांच्याच हातून घ्यायचा. तिच्याशी बोलला नाही. काही दिवसांनी गेला.

वर्षश्राद्ध अण्णांनीच केलं. लग्न न झालेल्या मुलाचं, दुसरं कोण करणार? वसुमती आत्या स्वयंपाकघराच्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘पोर अजून असतं गं, ही त्या दिवशी विसरली नसती तर.’

अण्णांचा हात थांबला. आश्लेषा ओसरीत उभी राहून वाट बघत होती.

अण्णांनी पद्मनाभाचार्यांपुढे ओंजळ धरली.

‘तीळ घाला,’ ते म्हणाले.