चोरओटीचा खण

शेवंतीने पदर मुद्दाम मागे सारला. आता हिरव्या खणाचा ब्लाऊज पुरता दिसत होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या डॉक्टर सबनीसबाईंनी एकदा तरी इकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं. पण बाई बघत होत्या न्यायाधीशसाहेबांकडे, नाहीतर हातातल्या चष्म्याकडे.

"तुम्ही शेवंतीची चोरओटी भरली होती, हे खरं आहे?" शेवंतीच्या वकिलांनी विचारलं.

"चोरओटी?" बाई हसल्या. "नवरात्रात माझ्याकडे हळदीकुंकू असतं. येईल त्या सवाष्णीची मी ओटी भरते, दवाखान्यातल्या आयांचीसुद्धा. तशी हिचीही भरली असेल."

"ती गरोदर आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही. तिने मला कधीच सांगितलं नाही."

इतक्या सहज? केसांतून फणी फिरवावी तितक्या सहज बाई बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

घाटकोपरला बाईंच्या हाडांच्या दवाखान्यात शेवंती एक्स-रे काढायची. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, ब्याऐंशी साली, तिला दिवस राहिले. सुरुवातीला बाहेर कुणाला सांगायचं नसतं, म्हणून तिने शेजारणींनाही पत्ता लागू दिला नाही. सांगितलं ते एकट्या बाईंना, कारण गरोदर बाईला एक्स-रेच्या कामावरून हलवावं, असं सरकारी परिपत्रक त्या खोलीच्या दारामागेच चिकटवलेलं होतं. बाईंना केवढा आनंद झाला! शेवंतीला आई नाही, सासू मालवणला. तेव्हा तिसऱ्या महिन्यात बाईंनीच दवाखान्यावरच्या आपल्या घरी, स्वयंपाकघराचं दार लोटून, गरोदर बाईची गुपचूप भरतात तशी तिची चोरओटी भरली. गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दुसरं माणूस मिळेपर्यंत तेवढं सांभाळून घे गं." शेवंतीने सांभाळून घेतलं. दुसरं माणूस काही आलं नाही. पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. डोहाळजेवणाला घालायचा म्हणून ठेवलेला ओटीतला खण ट्रंकेतच राहिला. तो तिने आजच्या तारखेसाठी शिवून घेतला होता.

मूल त्या किरणांनीच गेलं, असं ती अजूनही छातीठोकपणे म्हणत नव्हती. तसं कुणालाच सांगता येणार नाही, हे तिला कळत होतं. पण तिने सांगितलं होतं आणि सांगूनही तिला तिथेच ठेवलं होतं. एवढं कुणीतरी मान्य करावं, म्हणून दवाखान्यावर दावा लावायचा हा सगळा खटाटोप. मागच्या बाकावर बसलेला तिचा नवरा सहदेव तरी कुठे मानत होता? "नोकरी जाईल म्हणून तू तोंडच उघडलं नसशील," असं त्याने वर्षभर तिला ऐकवलं होतं. भांडताना नव्हे, जेवताना, वाटीतली आमटी संपवत.

दुपारनंतर दवाखान्याचे वकील उठले. त्यांनी ओटीचं नावही काढलं नाही.

"साहेब, हिने सांगितलं होतं असं घटकाभर धरून चालू. तरी काय? ज्या परिपत्रकावर हा दावा उभा आहे, ते राजपत्रात कधी प्रसिद्धच झालेलं नाही. ज्या नियमांखाली ते काढलं म्हणतात, त्यांत असा हुकूम काढायचा अधिकार कुणाला दिलेला नाही. तो सल्ला आहे. चांगला सल्ला आहे. पण कायदा नव्हे."

शेवंतीचे वकील खूप बोलले, पण राजपत्र काही त्यांना दाखवता आलं नाही. साहेबांनी निकाल सांगितला. परिपत्रक बंधनकारक नाही. त्यामुळे अर्जदार शेवंतीने सांगितलं होतं की नव्हतं, या प्रश्नात शिरण्याचं कारण उरत नाही.

कारण उरत नाही! शेवंती बाकाची कड घट्ट धरून बसली. म्हणजे बाईंनी खरं सांगितलं असतं, तरी त्या जिंकल्याच असत्या. हे त्यांच्या वकिलाला आधीपासून ठाऊक असणार, आणि वकिलाला ठाऊक म्हणजे बाईंनाही. मग खोटं बोलल्या कशाला? दावा हरल्याचं तिला दुःख झालंच, पण हे फुकटचं खोटं तिच्या जिव्हारी लागलं.

व्हरांड्यात बाई आपणहून जवळ आल्या. सगळं मिटल्यामुळे त्यांचा चेहरा निवळला होता, पूर्वीसारखा मायाळू दिसत होता. शेवंतीची पिशवी धरून सहदेव शेजारीच उभा होता.

"मनात काही ठेवू नकोस गं," बाई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांची नजर ब्लाऊजवर गेली. "अगं बाई, शिवलास होय तो? छान बसलाय. चोरओटीला हिरवाच खण हवा म्हणून मी स्टेशनजवळची सगळी दुकानं पालथी घातली होती, आठवतं?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. गाडी थांबलीय, असं काहीतरी पुटपुटत त्या जिना उतरून गेल्या.

सहदेवने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाला,

"म्हणजे तू खरंच सांगितलेलंस."

हेच ऐकण्यासाठी शेवंती वर्षभर तळमळली होती. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "आता बाई म्हणाल्या ना."

त्याच्या हातातली पिशवी काढून घेऊन ती एकटीच जिना उतरू लागली.