डेम्प्सीकडची

आमच्या घरात दोन माग होते आणि दोन पहिलवान. एक माग आमच्या ह्यांचा, दुसरा शेजारच्या देवाजीचा. पहिलवानांचीही वाटणी तशीच. जो लुई यांचा, जॅक डेम्प्सी देवाजीचा. दोघेही अमेरिकेतले, बॉक्सिंगचे जगज्जेते, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही, कारण डेम्प्सी थकून घरी बसला तेव्हा लुई अजून पोरगाच होता. म्हणजे ज्या झुंजीचा निकाल ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही, ती झुंज पाचपावलीतल्या आमच्या मागघरात रोज सकाळी धोटा हलला की सुरू व्हायची आणि दिवेलागणीपर्यंत चालायची.

ह्यांनी लुईला पाहिलं होतं. खराखुरा नाही, पडद्यावर. लढाईच्या दिवसांत हे कामठीच्या छावणीत पाणी भरायला होते, तिथं गोऱ्या सोजिरांसाठी चादर बांधून सिनेमा दाखवायचे. त्यात लुईनं एका जर्मनाला पहिल्याच राउंडात लोळवला, आणि तो लोळलेला जर्मन ह्यांच्या डोळ्यांसमोरून काही हलला नाही. देवाजीनं तर कोणालाच पाहिलं नव्हतं. त्याचा मामा मोतीबागेत एका रेल्वेच्या गार्डाकडे स्वयंपाकाला होता. त्या गार्डाच्या भिंतीवर डेम्प्सीचा फोटो होता आणि पोटात डेम्प्सीच्या गोष्टी. त्या मामाकडून देवाजीकडे आल्या.

"सात वेळा पाडला त्या राक्षसाले, एकाच राउंडात!" देवाजी मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यातून ओरडायचा.

"राक्षस नुसता उंच होता गा. लुईसमोर असता तं एकदाच पडला असता, पुन्हा उठाचं कामच नाही," हे म्हणायचे.

दोन्ही माग समोरासमोर. मधे मी, रहाटावर सुताच्या कांड्या भरत. धोट्यातली कांडी संपली की ह्यांचा हात माझ्याकडे यायचा, मी भरलेली कांडी त्यावर ठेवायची. तोंड मात्र देवाजीकडेच. आमचे हे घरात अबोल. "वाढ", "पुरे", "दार लाव" एवढ्यावर दिवस निभवायचा. आणि तोच माणूस मागावर बसला की कीर्तनकाराला हरवेल! लग्नाला बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, म्हणजे घरात बोलायला आम्ही दोघंच. साऱ्या जगाला उघड सांगते, मला त्या देवाजीचा हेवा वाटायचा. ह्यांनी मान वळवून एकदा, फक्त एकदा मला विचारावं, "तुले काय वाटते वं? कोन जिकन?" ह्यापलीकडे मला काही नको होतं. लुगडं नको, दागिना नको.

पण मागघराचा कायदा होता. एका पहिलवानाकडून एकानंच बोलायचं. गल्लीतला कोणी दारात टेकून लुईची तारीफ करायला लागला तर हेच त्याला गप्प करायचे, "लुईचं मी पाहातो गा, तू बिडी पी." बायका तर जमेतच नव्हत्या. त्या आपोआप नवऱ्याच्या पहिलवानाकडच्या. देवाजीची रुख्मा डेम्प्सीकडची; डेम्प्सी हा माणूस आहे की गाव हेही तिला ठाऊक नव्हतं. मी लुईकडची.

मनातून मात्र मी डेम्प्सीकडची होते. का होऊ नये? इतकी वर्षं दोन्ही बाजू कानांवर पडत होत्या, आणि माझे हात कामात असले तरी डोकं रिकामंच होतं. डेम्प्सीला एकदा समोरच्यानं रिंगणाबाहेर फेकला, तरी तो वर चढून आला आणि पुढच्याच राउंडात त्यानं त्याला आडवा केला. मला तो माणूस आवडला. शिवाय हे लुईचा ठोसा करून दाखवायचे तेव्हा मी नीट पाहायचे. डावा हात पुढे जायचा आणि परत येताना कमरेशी यायचा, गालाशी नाही. हेच सांगायचे की आधी एकदा त्याच जर्मनानं लुईला पाडला होता तो असाच, डाव्या हाताच्या वरून. मग मी मनाशी मांडलं. डेम्प्सी तर वाकूनच लढणारा. त्याच्या नजरेसमोरच ती फट येणार. तो ती सोडेल कशाला? पण हे बोलायचं कोणाजवळ? नवऱ्याच्या पहिलवानाची कमजोरी बायकोनंच फोडली म्हटलं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

अशात प्रेमिला आली. देवाजीची धाकटी बहीण, उमरेडला दिलेली. तिचा नवरा भिलाईच्या कारखान्यात लागला होता, क्वार्टर मिळेपर्यंत ही भावाकडे. दिवसभर बसून खाणं बरं दिसत नाही म्हणून माझ्या शेजारी रहाट घेऊन बसायला लागली. हात चलाख, जीभ त्याहून.

"वहिनी, हे दोघं कोनासाठी भांडून राहिले वं?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. माग बंद होते, दोघे तंबाखू आणायला गेले होते.

बारा वर्षांत मला पहिल्यांदा कोणी काही विचारलं. धरण फुटावं तसं झालं. लुई कोण, डेम्प्सी कोण, तो राक्षस, तो जर्मन, सारं सांगितलं. आणि शेवटी, तिनं "मंग तुमाले कोन जिकन वाटते?" म्हटल्यावर, डावा हात खाली येतो तेही सांगून टाकलं. स्वतः रहाटाजवळ उभी राहून, वाकून, करून दाखवलं. ती टाळ्या वाजवून हसली. मला ती पोर फार गोड वाटली. तेव्हा वाटली!

चार दिवसांनी दोघांचं ऐन रंगात आलं होतं. देवाजी अडला होता. लुईच्या डाव्या ठोशापुढे डेम्प्सी जवळच कसा येणार, ह्याला त्याच्याकडे जबाब नव्हता. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"पन भाऊ, तुमच्या लुईचा डावा हात परत येताना खाली येते ना? जर्मनानं तिथंच गाठला त्याले. डेम्प्सी तं पहिलेच वाकून उभा हाय. त्याले फट दिसन नाही का?"

ह्यांचा धोटा मधेच थांबला. मी म्हटलं, आता ही खाते बोलणी. कायदा मोडला होता, तोही बाईमाणसानं. पण हे खड्ड्यातून अर्धे वर आले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की लग्नाच्या मांडवातही मी तो तसा पाहिला नव्हता.

"अबे देवाजी, हे काय बोलून राहिली गा तुयी बहीन! इतके वर्सं झाले, तुले नाही सुचलं हे. याले म्हंतेत डोकं!"

"बहीन कोनाची हाय?" देवाजी म्हणाला, फुगून.

माझ्या हातातलं सूत तुटलं. मी ते जोडलं आणि रहाट फिरवत राहिले. माझी अक्कल माझ्या नवऱ्यानं माझ्यासमोर दुसरीच्या पदरात घातली, आणि मी कांड्या भरत होते.

त्या दिवसापासून मागघराची तऱ्हाच बदलली. देवाजी नावाला उरला. हे सकाळी बसायच्या आधीच विचारायचे, "प्रेमिला आली नाही का अजून? एक सांगाचं होतं तिले." ती यायची आणि दोघांचं सुरू व्हायचं. कोणाला वाटेल, माझ्या मनात भलतंसलतं आलं. मुळीच नाही. ती त्यांना भाऊ म्हणायची आणि मनापासून म्हणायची, हेही तिच्या नवऱ्याला चिठ्ठी गेली का म्हणून देवाजीला टोकायचे. तसलं काही असतं तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण बोलण्याबद्दल कोणत्या तोंडानं भांडायचं? सवत आली म्हणून बाई रडते तर लोक समजून घेतात. नवरा दुसरीशी बॉक्सिंग बोलतो म्हणून रडले असते तर मला मेंटल हॉस्पिटलात नेऊन घातलं असतं.

आणि माझा तर जळून कोळसा होत होता. तिची वेणी दिसली की राग, तिचं हसणं ऐकलं की राग. तिला चहा दिला तर साखर कमी घालायची. तिला ते कळायचंही नाही, "वहिनीचा चहा म्हंजे चहा" म्हणून पिऊन टाकायची. तिच्या चांगुलपणाचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

एकदा जेवताना हे आपल्याशीच हसले. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. डेम्प्सीचं एक सुचलं. उद्या प्रेमिलाले सांगतो."

मी पाटावर समोर बसले होते. तवा तापलेला, भाकरी हातात. मी धीर करून म्हटलं, "लुईनं पुढं तो हात सुधरवला असन तं?"

"हो," हे म्हणाले. "वरन वाढ."

मग पाजणीचा दिवस आला. उभ्या सुताचा नवा ताणा मागावर चढवायच्या आधी भल्या सकाळी गल्लीत लांब ताणून धरतात आणि त्याला खळ पाजतात, म्हणजे सूत कडक होतं. ताण्याच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस, समोरासमोर, हातात कुंचा. दोघांचे हात बरोबर चालले तरच खळ सारखी बसते. आमच्यात रीत अशी की ज्याचा ताणा, त्याच्यासमोर त्याची बायको. सासू गेल्यापासून ह्यांच्यासमोर मीच उभी राहायची. बोलणं नसायचं, पण त्या दिवशी गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ते माझ्याकडे पाहत चालायचे. वर्षातून तेवढेच चार-सहा दिवस माझे.

त्या दिवशी खळीत गाठी झाल्या म्हणून मला आत थोडा उशीर झाला. भांडं घेऊन बाहेर आले तर माझ्या जागेवर प्रेमिला. पदर खोचून, हातात माझा कुंचा.

"तू खळ पाहाय," हे मला म्हणाले. "प्रेमिलाचा हात चांगला चालते."

मी भांडं घेऊन त्यांच्यामागून चालू लागले. ते दोघं कुंचे बुडवायचे, मी पुढे सरकायची. आजूबाजूला नेहमीची माणसं, देवाजी, रुख्मा, नत्थूजी म्हातारा ताण्याखालच्या घोड्या धरून उभा. आणि ह्यांचं सुरू झालं, सगळ्या गल्लीसमोर.

"प्रेमिला, आता मले सांग. डेम्प्सी वाकला. पन लुईनं डावा मारलाच नाही, वाट पाहून राहिला, तं?"

प्रेमिला अडली. कुंचा चालत होता, पण जबाब सुचेना. मला सुचला होता. मला तो कधीचाच सुचला होता. आणि मग माझ्यानं राहवलं नाही.

"तं डेम्प्सी वाट पाहनारा माणूस नाही!" मी भांडं घेऊन मधेच उभी राहिले. "त्या राक्षसाले सात वेळा पाडलं तं तो पुरता उठाचीही वाट नाही पाहिली त्यानं, बाजूलेच उभा राहून उठता उठताच हानला. लुई थांबला की मेला. आन मारला तं डावा हात खाली येतेच. दोन्हीकून मरते तुमचा लुई!"

नत्थूजीनं हातातली घोडी सोडली नाही हे नशीब. हे माझ्याकडे पाहत राहिले. मग हसले.

"पाहा," ते देवाजीला म्हणाले, "प्रेमिलाचं आयकून आयकून हेही बोलाले लागली."

सगळे हसले. रुख्मासुद्धा. माझ्या भांड्यातली खळ हिंदकळून पायावर सांडली. तेव्हा प्रेमिलानं कुंचा थांबवला.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "खरं सांगू का? हे मायं नाहीच. तो डाव्या हाताचा मुद्दा वहिनीचाच होय. मी आली तेव्हाच त्यायनं मले सांगतला, करून दाखवला. मी तं नुसती बोलली."

"अरे बापा!" देवाजी ओरडला. "जागेश्वर, तुया घरातच फितुरी हाय गा!"

आता कोणी हसलं नाही, कारण हे हसले नाहीत. ते ताण्याच्या त्या बाजूनं दोन पावलं माझ्याकडे आले. मला वाटलं रागावतील. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता, काहीतरी दुसरंच होतं, मी कधी न पाहिलेलं.

"मैना," ते म्हणाले. चारचौघांत नावानं, आयुष्यात पहिल्यांदा. "मंग तूच सांग. कोन जिकन?"

आला. बारा वर्षं रहाट फिरवत ज्याची वाट पाहिली तो प्रश्न गल्लीच्या मधोमध, सगळ्यांसमक्ष, माझ्या नावासकट आला. मी तोंड उघडलंही. आणि नजर प्रेमिलाकडे गेली. ती माझ्याकडे पाहून मान हलवत होती, "बोला ना वहिनी, घाबरू नका," पहिलीतल्या पोरीला मास्तरीण सांगते तशी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझी दया येऊन. तिनं सांगितलं म्हणून ह्यांनी विचारलं. ती नसती तर हा प्रश्न मी मरेपर्यंत आला नसता. माझ्याच नवऱ्याचा प्रश्न मला तिनं ओंजळीत आणून दिला होता, सण आहे घ्या म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मले काय समजते त्यातलं?" मी म्हटलं. "ते उगीच म्हनून राहिली. मी आपली लुईकडची."

प्रेमिलाचा चेहरा पडला. तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटलं.

"तेच म्हनलं," हे म्हणाले. त्यांनी एकदा मान डोलावली, कुंचा खळीत बुडवला, झटकला आणि परत आपल्या जागी गेले. "हं प्रेमिला. तं समज, लुई थांबला..."

दोन्ही कुंचे एकदम उचलले गेले. मी भांडं घेऊन त्यांच्यामागून चालू लागले.