छंदाच्या रकान्यातले कोळी

आमच्या जाहिरात कंपनीचं मुख्य ऑफिस लंडनला आहे. वेबसाइटवर प्रत्येकाच्या फोटोखाली त्याचा छंद असतो. माझ्या फोटोखाली 'वाचन' आहे, कारण खरा छंद लिहायला मला संकोच वाटला. माझ्याच टीममधल्या वेदिकानं मात्र तोच छंद बिनधास्त लिहिला, 'कोळी बघणं'. ते वाचून माझ्या पोटात दुखलं. दिंडोरीला माझ्या मामाच्या द्राक्षबागेत तिला कोळ्याचं पहिलं जाळं मीच दाखवलं होतं, तेव्हा ती किंचाळली होती.

सोमवारी व्हिडिओ कॉलवर लंडनच्या साहेबांनी सांगितलं, कीटकनाशक न फवारणाऱ्या एका वाइनरीचं काम आलंय. ते मला हवं होतं. त्यांनी बागेतल्या कोळ्याचा फोटो लावला.

"वेदिका, हा कोण? तुझाच विषय."

ती अडखळेल म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले.

"सिग्नेचर स्पायडर. मोठी दिसतेय ती मादी. नर तिकडे कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा."

मला नर दिसलाच नव्हता. काम तिला मिळालं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चैतालीताई, जाळ्याच्या कडा आधी बघायच्या, हे तूच शिकवलंस ना!"

मी हो म्हणाले. असं मी तिला कधीच शिकवलं नव्हतं.