पोर्तोत काय बघायचं

ऋषिराज आणि सृष्टीचं नवीन लग्न झालेलं. दोघं फिरायला पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात निघाली होती, आणि ही बातमी शेजारच्या नाथाजी सुभेदारांच्या कानावर जाऊ नये म्हणून ऋषिराजची आई फार जपत होती. सुभेदारांचा एकुलता एक मुलगा इंद्रजित दोन वर्षांपूर्वी त्याच शहरात वारला होता. कराडला इंजिनिअर होऊन तो तिकडं नोकरीला लागला होता. एका सकाळी सायकलवरून कामावर जाताना त्याला ट्रकनं उडवलं. त्याला आणायला नाथाजी एकटेच गेले. परत आल्यावर तिथलं एक अक्षर ते बोलले नाहीत, आणि त्यांच्या बायकोनं, बनुबाईनं, विचारलंही नाही.

पण गावात काय लपून राहतंय! रविवारी सकाळी नाथाजींनीच दारावरून जाणाऱ्या ऋषिराजला हाक मारली.

"पोर्तोला निघालायस म्हणं?"

ऋषिराजची मान खाली गेली. "व्हय आबा. पर दुसरीकडं कुठं जमतंय का बघतोय."

"आरं, दुसरीकडं कशाला? सूनबाईला घिऊन ये. काय बघायचं ते मी सांगतो."

सृष्टी सांगलीची, गावात नवी. सोप्यात सतरंजीवर ती अंग चोरून बसली. बनुबाई आत चहा ठेवत होती.

"पयलं म्हंजे बूट चांगलं घ्या," नाथाजी म्हणाले. "सगळा चढ हाय, अजिंक्यतारा गडावानी. दगडबी गुळगुळीत, पावसात पाय सटकतो. आन गाडीनं जायाचं नसलं तरी रेल्वे स्टेशनात जावा. भिताडं निळ्या फरशांची हायती, त्यावर घोडी, लढाया, शेतातली मान्सं. बघंल तेवढं थोडं."

"मी शाकाहारी आहे, आबा," सृष्टी हळूच म्हणाली. "तिथं काही मिळेल का?"

"बटाट्याचं सूप मिळतं की. त्यात हिरवी पालेभाजी बारीक चिरून घालत्यात. मटणाचा तुकडा नगं म्हणून आदी सांगायचं. संगं मक्याचा पाव. लोखंडी पुलाच्या खाली, नदीकाठाला, एका म्हातारीची खानावळ हाय, तिथं..."

"तुमी तिथं जेवलासा?"

बनुबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सृष्टीनं उठून तो हातातून घेतला.

"कागदं लवकर हुईनात," नाथाजी म्हणाले. "दवाखान्यात मला बसू देईनात. आपल्या इंदूच्या खोलीवर त्याचा एक दोस्त हुता. आई-आबा आलं की कुठंकुठं न्यायचं, ते इंदूनं त्याला सांगून ठेवलं हुतं. म्हणून त्यानं नेलं मला."

"मला कवा सांगितलं न्हाई तुमी."

"काय सांगू? पोरगं तिथं बरफात निजवलेलं, आन मी गाव बघत फिरतुया?"

ऋषिराज उठायला लागला. बनुबाईनं त्याला हातानंच बसवलं आणि स्वतः नवऱ्यासमोर जमिनीवर बसली.

"तिथली दारू पाजणार हुता तुमाला. फोनवर सारखं म्हणायचा. पेलासा?"

"पेलो. नदीपल्याड तळघरं हायती, मोठाली लाकडी पिपं ठेवलेली. लय गोड असती ती. गोड लागली, बने. त्याचाच लय राग आला मला. अशा टायमाला जिभंला चव कळावी?"

"आन मला कुठं नेणार हुता त्यो?"

"समुद्रावर. नदीकाठानं ट्राम जाती तिथवर. आईनं समुद्र बघितला न्हाई, म्हणायचा. तिथं मी गेलो न्हाई. दोस्त लय म्हणाला, पर पाय उचलंना."

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. सृष्टी तिच्याजवळ सरकली. चहा तसाच गार झाला. जाताना ऋषिराज दोघांच्या पाया पडला. नाथाजींनी त्याला एवढंच सांगितलं, "रस्ता वलांडताना दोन्हीकडं बघा रं. तिकडं गाड्या उलट्या बाजूनं येत्यात."

ती दोघं गेल्यावरही बनुबाई जागची उठली नाही. इंद्रजितची शवपेटी गावात आली तेव्हा नाथाजींनी ती कुणाला उघडू दिली नव्हती. आईनं लाकडालाच हात लावला होता.

"त्याचं तोंड बघितलं का तुमी?" तिनं विचारलं.

"बघितलं."

"कसं दिसत हुतं?"

नाथाजी तिच्याशेजारी खाली येऊन बसले. "डाव्या अंगानं हुता तसाच हुता. निजल्यावानी."

बनुबाईनं पुढचं विचारलं नाही. तिनं नवऱ्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा दोघं एका जागी बसून रडली.