जोत्याखाली दबलेली काळी माती

मित्रांनो, मी एक जुनी काळी माती आहे. तुमच्या पुस्तकात मला फुगणारी चिकणमाती म्हणतात. नाव काय हवं ते ठेवा, पण माझा अपमान केलात तर मी विसरत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

एके काळी मी खडक होते. ऊन-पाण्याने झिजून माझे कण इतके बारीक आणि चपटे झाले की डोळ्यांना दिसेनात. त्यांच्या मधे पाणी शिरलं की मी फुगते, सुकलं की आक्रसते. देवाने तहानच तशी दिली आहे.

भर उन्हाळ्यात एक इंजिनिअर माझ्यावर उभा राहिला. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या आईला त्याला स्वतःचं बैठं घर द्यायचं होतं. त्याने पहार मारली, ती टणकन उडाली.

“दगड आहे दगड! दोन फूट पाया पुष्कळ झाला.”

त्याची धाकटी बहीण कॉलेजात मातीची प्रात्यक्षिकं घ्यायची. “दादा, वाळलेल्या मातीला भुलू नकोस,” म्हणत तिने मला कुटलं, चाळलं आणि काचेच्या दोन नळ्यांत घातलं. एकीत रॉकेल, दुसरीत पाणी. रॉकेलला मी भीक घालत नाही, त्यात फुगतच नाही. त्यामुळे पाण्यात किती फुगले ते शेजारी-शेजारी ठेवून कळतं. “उद्यापर्यंत हात लावायचा नाही हं!”

मी कुठे बोलायला लागले होते, तेवढ्यात साहेबांना नकाशा पसरायला टेबल हवं झालं. दोन्ही नळ्या मोरीत!

“चिमे, तुझी माती झोपलीय गं. घोरतेय बघ!” माझं एक ढेकूळ बुटाखाली चिरडून तो हसला.

बरं, म्हटलं. हस.

घर उभं राहिलं. जड इमारत मला थोडी तरी दाबून धरते. हे हलकं घर उचलायला कितीसा जोर लागणार? आईने मागच्या भिंतीलगत हौसेने फुलझाडं लावली, रोज पाणी घातलं. मी घोट घोट प्यायले. मागून फुगले, मधे कोरडीच राहिले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. तो सिमेंट भरायचा, मी आक्रसून ती पुन्हा उघडायची. काय सांगू, फार गोड वाटायचं!

एका सकाळी न्हाणीघराची चौकट पिरगळली आणि आई आत अडकली. त्याने खांदा मारून दार फोडलं. ती ओल्या केसांनी बाहेर आली.

“दगडावर बांधलंस ना रे घर?”

“आई, आजच दुरुस्त करून घेतो.”

“कर. मी आत पाय ठेवणार नाही.”

चिमीने तिची पिशवी उचलली. “चल, माझ्या भाड्याच्या खोलीत राहू दोघी.”

म्हातारी पुन्हा परक्याच्या घरी गेली. फुलझाडं वाळली. जिच्या हातचं पाणी प्यायले तिलाच मी बाहेर काढलं, हे मला कळतं. पण राग निवलेला नाही. तो आजही जोत्यावर एकटा बसतो, आणि मी त्याच्या खाली हळूच हलते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही घरं बांधाल. पाया खणण्याआधी माझा स्वभाव विचारून घ्या. नाही विचारलात तरी मी सांगेनच. फक्त तेव्हा आत कोणीतरी राहत असेल.